बिनपडद्यांची गिटार

गेवराईत बँजो पार्टी चालवायची म्हणजे डोकं गरम असावंच लागतं. नवरदेवाचा मामा एक गाणं सांगतो, काका दुसरं सांगतो, जनरेटरवाला ऐनवेळी फोन उचलत नाही, आणि शिव्या खायला पार्टीचा मालक, म्हणजे मी, अंगद. एकोणतीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय. एवढ्या काळात चाळीसेक वाजवणारे माझ्याकडे आले आणि गेले. त्यांतल्या कोणाचं मला फार कौतुक वाटलं नाही, आणि वाटलं तरी मी तोंडावर बोललो नाही. तोंडावर कौतुक केलं की माणूस दुसऱ्या पार्टीत जातो. सिदूचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सिदू तलवाड्याजवळच्या धनगरवस्तीवरचा. घरी साठ-सत्तर मेंढ्या, दोन एकर कोरडवाहू, बायको संगीता आणि आई साखराबाई. वय तिशीच्या आसपास. त्याला एक वाक्य बोलायला लावणं म्हणजे मेंढीला पाण्यात उतरवणं. माझ्याकडे आला तो सामान उचलायला. स्पीकर चढवायचा, उतरवायचा आणि बाकीचा वेळ वाजवणाऱ्यांच्या बोटांकडे बघत उभा राहायचा. मला वाटायचं, कामचुकार आहे.

माझ्या खोलीत तेव्हा एक बेस गिटार धूळ खात पडली होती. कॉलेजच्या एका पोरानं हौसेनं स्वस्तातली मागवली, चार महिन्यांत कंटाळला आणि माझ्या गळ्यात बांधून गेला. चार जाड तारा, खालचा, घुमणारा आवाज. लग्नात बेसकडे कोणी बघत नाही, पण ती थांबली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ही तर वाजण्याच्या लायकीचीच नव्हती. दांडी धनुष्यासारखी वाकलेली, आणि वायर जोडली की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखी घरघर. सिदूनं ती मागितली. मी म्हणालो, ने आणि चुलीत घाल.

तीन आठवड्यांनी तो ती घेऊन आला आणि मला वाजवून बघायला लावली. दांडी सरळ होती. घरघर गेली होती. मी चारही तारा एकदा वाजवल्या, पुन्हा वाजवल्या आणि उगाच चष्मा पुसला. त्या लग्नसराईपासून पार्टीत बेस वाजवायला सिदूच उभा राहू लागला.

मेंढ्या चारताना तो मोबाईलवर गिटार दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा. त्यातली इंग्रजी कळत नव्हती, म्हणून आवाज बंद करून नुसते हात बघायचा. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते आणि ती पिळली की दांडी सरळ होते, हे त्यानं हातांवरून ओळखलं. आतल्या पोकळीला त्यानं हॉटेलात रोट्या गुंडाळतात ती चंदेरी फॉइल चिकटवली होती, त्यानं घरघर थांबली. वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात ती प्लास्टिकची पट्टी फुटलेली होती. तिथं मेंढ्याच्या शिंगाचा तुकडा कानशीनं घासून बसवलेला. तारांखाली खालच्या बाजूला जुन्या घोंगडीची एक पट्टी सरकवली होती. त्या पट्टीमुळं आवाज असा गोल आणि दबका यायचा, की ढोलाच्या कातड्यावर ओला तळहात ठेवलाय असं वाटावं. लाख रुपयांच्या गिटारीतून असा आवाज निघतो की नाही मला माहीत नाही. मी लाखाची गिटार पाहिलेली नाही.

तारा जुन्या झाल्या की तो त्या पातेल्यात उकळायचा. मळ निघतो, आवाज पुन्हा मोकळा होतो. पातेलं चहाचं असायचं, त्यावरून संगीता त्याला काय बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाच वर्षांत त्यानं अशा तीन गिटारी जमवल्या, सगळ्या कोणीतरी टाकून दिलेल्या. एकीची पेटी बाभळीच्या फळीची नवी केली, एकीचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे तुकडे, दुसरीला लावले. लग्नसराईत वाजवायला मात्र ती पहिलीच घ्यायचा.

आता माझा दोष सांगतो. सिदूला तो कायम ठाऊक होता, मला उशिरा कळला.

त्यांच्या वस्तीवर चैत्रात बिरोबाची जत्रा भरते. तिथली रीत अशी की दुपारी, पंगत बसायच्या आधी, वस्तीतल्या जाणत्या बाईनं देवापुढं ओवी म्हणायची. मग भंडारा उधळतात, मग जेवणं. ही ओवी कित्येक वर्षं साखराबाई म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्या जत्रेत माझी पार्टी होती. म्हातारीला साथ करावी म्हणून मी कीबोर्डवर काळी एक ही पट्टी धरली. बाई तिच्यावर येईनात. पांढरी दोन धरली, तिच्यावरही येईनात. मला घाम फुटला, आणि मी माईकवरून बोललो, "मावशी, पट्टी सोडू नका, सुरात घ्या." मंडप हसला. साखराबाईही पदर तोंडाला लावून हसल्या, कशीबशी ओवी संपवली आणि खाली बसल्या. मी पुढचं गाणं सुरू केलं आणि विसरून गेलो.

यंदा फाल्गुनात, लग्नाच्या तारखा तोंडावर आलेल्या असताना, सिदूनं त्या पहिल्या गिटारीचे सगळे पडदे उपटले. दांडीवरच्या पितळी आडव्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही पडदे म्हणतो. पडद्यामागं बोट दाबलं की सूर आपोआप बरोबर येतो. पडदे काढले की दांडी सपाट. मग बोट केसाइतकं चुकलं तरी सूर चुकला. मला कोणीतरी ही खबर दिली आणि मी मोटारसायकल काढून तडक वस्तीवर गेलो. तलवाडा येईपर्यंत शिव्यांची उजळणी करत होतो.

सिदू लिंबाखाली बसलेला. समोर पक्कड, तापवलेली सोल्डरिंगची सळई आणि डबीत एकवीस पडदे.

"कामून काढले रे?" मी विचारलं.

त्यानं डबीतला एक पडदा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "आईचा सूर दोन पडद्यांच्या मदी हाय, भाऊ. पडदा असल्यावर तार तिथं बोलत न्हाई."

मी म्हणालो, दोन पडद्यांच्या मध्ये जो असतो त्याला आमच्यात बेसूर म्हणतात. हे ऐकून संगीता दारातून बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही. मी माईकवर काय बोललो होतो ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं. पुढल्या वर्षी घसा धरलाय म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, ओवी सोडली, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच सांगितलं. घसा ठणठणीत होता. मेंढरांमागं जाताना ज्या बाईचं गाणं दोन शेतांवर ऐकू यायचं, तिनं तेही बंद केलं. "आता घरात नुसती कढई वाजती," संगीता म्हणाली.

मला लाज वाटली. पण लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. लग्नं बुडाली तर मी दुसरा वाजवणारा आणीन, असं सुनावलं. सिदू म्हणाला, आणा. मी परत आलो आणि रात्रभर कूस बदलत पडलो.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. त्यानं आपणहून केलेला पहिला फोन. "चुकलं," एवढंच बोलला. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सांगितलं नव्हतं का, हे वाक्य घोळवत मी पुन्हा वस्तीवर गेलो.

पडदे काढल्यावर दांडीत खाचा राहतात. त्या भरल्या नाहीत तर तार खणखणते. सिदूनं त्या चिंचोक्याच्या खळीत बाभळीचा भुसा कालवून भरल्या होत्या. घोंगडीला खळ द्यायची ती चिंचोक्याची, हे धनगराच्या पोराला चालता येण्याआधी कळतं. पण लोकर ओली झाली की फुगते आणि वाळली की पुन्हा बसते. लाकडाला तेवढी दयामाया नाही. एकवीस खाचा एकदम फुगल्या आणि दांडी मागं वाकली. चारही तारा तिच्यावर आडव्या झोपल्या होत्या. पाच वर्षांचं काम गेलं होतं आणि जत्रेला बारा दिवस उरले होते.

पण तो कपाळाला हात लावून बसलेला नव्हता. घोंगडी शिवायचं दाभण घेऊन एकेक खाच कोरत होता, दातात अडकलेलं काढावं तसं, लाकडाला ओरखडा न पाडता. मी घोळवलेलं वाक्य गिळलं आणि दुसरं दाभण मागितलं. दुपारपर्यंत माझ्या चार खाचा झाल्या, त्याच्या सतरा. मग त्यानं शिंग उकळत्या पाण्यात मऊ केलं, दगडाखाली दाबून सपाट केलं आणि त्याच्या कागदाएवढ्या पातळ चकत्या काढून खाचांत गोंदानं बसवल्या. वर करडईचं तेल चोळलं आणि दांडी उन्हात ठेवली. तेल वाळलं की पुन्हा चोळायचं, असं तीन दिवस. करडईच का, मी विचारलं. तो म्हणाला, दिवटीखाली सांडलेलं करडईचं तेल वाळून काचेसारखं होतं, खरवडून निघत नाही, म्हणून. हे त्याला कोणत्याही व्हिडिओनं दाखवलं नव्हतं. माझ्या घरीही लहानपणी करडईच्या तेलाची दिवटी होती. मी त्या डागाकडे कधी बघितलं नाही.

चौथ्या दिवशी त्या काळ्याभोर दांडीवर शिंगाच्या एकवीस पिवळसर रेघा चमकत होत्या, आणि दांडी सरळ होती. मी बोट फिरवलं. एकही रेघ बोटाला लागली नाही.

उरलेले दिवस तो माळावर मेंढ्यांत बसून वाजवत होता. आईला म्हणायला सांगायची सोय नव्हती, तिचे सूर त्याला आठवणीतून शोधायचे होते. मी त्याला विचारलं, चुकलास तर? तो म्हणाला, मग ती दुसऱ्यांदा हसंल, आणि नंतर कधीच गायची न्हाई.

जत्रेच्या दिवशी माझी पार्टी मंडपात होती, पण मी कीबोर्डचं बटन बंद ठेवलं होतं. पुजाऱ्यानं गेल्या दोन वर्षांसारखंच साखराबाईंच्या जागी वस्तीतल्या सारजाबाईंचं नाव पुकारलं. त्या बिचाऱ्या रीत पार पाडायला पुटपुटायच्या तेवढंच. त्या उठायच्या आतच सिदू गिटार घेऊन स्टेजवरून उतरला. मागं लांब वायर. बायका बसल्या होत्या तिथं, आईपासून हातभर अंतरावर, तो मांडी घालून बसला. आईकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवून त्यानं एक सूर लावला आणि तो तसाच धरून ठेवला.

काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधला सूर. माझ्या कीबोर्डवर त्या जागी फट आहे आणि फटीत धूळ असते. तो सूर मांडवाखालच्या मातीतून वर येतोय असं वाटलं.

साखराबाई मान खाली घालून बसल्या होत्या. कोणी हसेल का, एवढंच मी बघत होतो. म्हातारी हळूच लेकाकडे वळली.

"जरासक खाली," ती म्हणाली.

सिदूनं बोट सरकवलं. किती, ते मला दिसलं नाही, केसभर असेल. तिनं मान हलवली, डोळे मिटले आणि ओवी धरली.

"पानी पिऊन निगाली, माजी मेंढरं माळाला,
मागं ऱ्हायलं कोकरू, हाक देतंया आईला."

आवाज चिरका झाला होता, वय झालं होतं. पण तो हाकेवर वर चढला तेव्हा सिदूचं बोट त्याच्यासोबत चढलं, मधे कुठं न थांबता, आणि ती वळली तिथं वळलं. कोण कोणाला नेत होतं ते सांगता येत नव्हतं. एकोणतीस वर्षं मी ज्याला सूर समजत होतो त्या कीबोर्डच्या बारा पायऱ्या होत्या, आणि ही बाई पायऱ्यांवरून कधी चाललीच नव्हती. ती माळावरून चालत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं एका ओवीच्या जागी पाच म्हटल्या. भंडारा उधळला तेव्हा पंगतीतला भात थंड झाला होता आणि कोणाची तक्रार नव्हती.

जेवायला बसण्याआधी मी साखराबाईंच्या पाया पडलो. म्हणालो, मावशी, त्या दिवशी मी चुकीचं बोललो, भर मंडपात बोललो. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"आज ऐकू आलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"मग बस जेवायला," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पत्रावळीवर त्यांनी स्वतःच्या हातानं भात वाढला.