कॅप्सूल कुठल्या यादीत लिहायची

डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळी दहा. फतेगंज, धाकट्या बहिणीचा फ्लॅट. हजर: मी, बहीण आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई, हातात पांढरा प्लॅस्टिकचा डबा. गैरहजर: मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान. ते लीलो चिवडा, इथलं ओलसर फरसाण, आणायला गेले होते. दर रविवारी जायचे.

तेव्हा बडोद्यात वजन उतरवण्याचे असे डबे घरोघरी निघत होते. दुकानात मिळायचे नाहीत, ओळखीतून यायचे. बहिणीच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं आणि व्याह्यांसमोर तिला बारीक दिसायचं होतं.

"माझं बीपी आहे, चालेल ना?" तिनं विचारलं.

"बेन, आ दवा छे ज नहीं. बधुं हर्बल," शेजारीणबाई म्हणाल्या. "तुळसी खाओ त्यारे डॉक्टरने पूछो छो?"

डब्यावरही बारीक अक्षरात तेच छापलं होतं: हे औषध नाही.

"ताई, ह्यांना सांगू नकोस हं," बाई गेल्यावर बहीण म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. "आयुष्यभर चिडवतील. म्हणतील, गणिताच्या बाई वजाबाकीला लागल्या."

याद्या करणं हे घरात माझं काम. मी तिला सकाळचं वेळापत्रक करून दिलं आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. सहा: मध-लिंबू पाणी. साडेसहा: दोन कॅप्सूल. पावणेसात: चालणे.

वजन उतरलं. झोपही उतरली. फळ्यावर लिहिताना हात थरथरतो, म्हणाली; पण खुशीत होती. "अंगात मोटार बसवल्यासारखं वाटतंय."

जानेवारीत नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं तर रक्तदाब बराच वाढलेला. मी यादी पुढे केली. वर 'चालू औषधे', खाली तीन नावं: बीपीची गोळी, कॅल्शियम, सर्दीची गोळी.

"आणखी काही घेता?"

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "औषध? नाही."

मीही नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलतेय असं मला वाटलं नाही. कॅप्सूल दुसऱ्या यादीत होती, लिंबूपाण्याच्या खाली. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि म्हणाले, "इतकी नीट यादी कुणी आणत नाही."

फेब्रुवारीत ती वर्गात पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलात मी तीच यादी दिली. तिसऱ्या दिवशी तिचे कपडे घ्यायला कपाट उघडलं आणि दारावरचं माझंच अक्षर वाचलं.

मी डबा घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो बराच वेळ वाचला. "यातल्या दोन वनस्पती छातीचे ठोके वाढवतात, रक्तदाबही. अर्क किती, ते लिहिलेलंच नाही. यानंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. पण कळलं असतं तर त्याच दिवशी बंद करायला सांगितलं असतं."

मग मी तक्रार करायला निघाले. औषधांच्या कार्यालयात साहेबांनी डब्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, औषध नाही. आम्ही काय करणार? खाण्याच्या वस्तू बघतात त्यांच्याकडे जा." तिथले म्हणाले, "कॅप्सूल कोण जेवतं, बेन? हे औषधवाल्यांचं." शेवटी एकानं अर्ज ठेवून घेतला, पण बिल मागितलं. बिल नव्हतं. उघडलेला डबा तपासायला चालत नाही, म्हणाला, सीलबंद आणा. सीलबंदसाठी शेजारीणबाईंकडे गेले.

"ए तो बंध थई गयुं," त्या म्हणाल्या आणि बहिणीची चौकशी करता करता डोळे पुसू लागल्या. ते डोळे खरे होते. टेबलावर नव्या रंगाचे डबे मांडलेले होते. त्या स्वतःही त्यातलंच घेत होत्या.

अर्जाचं उत्तर आलं नाही. मी तीनदा आठवण करून दिली, मग सोडलं.

लग्न झालं. बहीण मांडवात खुर्चीवर होती, सगळ्यांत बारीक. आता ती पाचसहा शब्द बोलते. त्यात 'ताई' आहे.

मेहुण्यांनी फरसाण आणणं बंद केलं. मध्यंतरी जेवताना म्हणाले, "ताई, दर रविवारी मीच तिला मीठ खाऊ घातलं हो." बहिणीनं नाही म्हणून जोरात मान हलवली. ती आपली समजूत घालतेय असं त्यांना वाटलं, त्यांनी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघत होती.

माझ्या वहीत एक काम आहे. दर नव्या वहीत ते पहिल्या पानावर उतरवून घेते: मेहुण्यांना सांगणे. गेल्या रविवारी ते घरी होते, वेळ होता. आम्ही बसून तिच्या व्यायामाचं नवं वेळापत्रक केलं. या कामापुढे अजून खूण नाही.