मधली वाट देवाची

जपानी चहानं झोप उडते म्हणे. माझ्या तर पापण्या मिटत चालल्यात. क्योतोजवळच्या एका जुन्या शिंतो देवळात, बाकावर बसलोय. लेक गौतमी आणि तिचा दाइची लग्नाची तारीख विचारायला पुजाऱ्याकडे गेलेत. परत आले की मी हो की नाही ते सांगायचं, असं ठरलंय. मी नाहीच म्हणणार. ज्या देवळात मूर्ती नाही, तिथे साक्ष कोणाची काढायची?

डोळा लागतो न लागतो तोच दगडी कुंडापाशी आमची ही उभी. पद्मजा. वर्षश्राद्धसुद्धा झालंय, तरी ऐटीत मोरपंखी साडी नेसून आलीय. पळीनं पाणी घेते, तळहातावर ओतते, पिऊन टाकते आणि ओला हात डोक्यावरून फिरवते.

"अगं, तीर्थ नाही ते! हात धुवायचं, चूळ भरायचं पाणी आहे. पाटीवर चित्र काढलंय की!"

"गिळून झालं. आता मला काय होणार आहे?"

हसावं की रडावं, कळत नाही. मी तिच्यामागे निघतो. एका लाल कमानीखालून गेलो की आमचं कऱ्हाडचं अंगण लागतं, पुढच्या कमानीखालून पुन्हा जपान. ती मला कोपरानं ढकलते.

"कडेनं चला. मधली वाट देवाची असते इथे."

"मग तू बरी मधून चालतेस?"

"माझं आता त्यांच्यातच उठणं-बसणं."

पायऱ्या चढतो तर समोर आमच्या स्वयंपाकघराचं दार. आत नुसता आरसा.

"बघ! आहे का मूर्ती?"

"आरशात कोण दिसतंय?"

"मी."

"तोंड बघा जरा. पोरगी वर्षभर या तोंडाकडे आशेनं बघतेय."

मी आरशाकडे पाठ फिरवतो. "पद्मा, तू नाहीस. तीही इथेच राहिली तर घरी मी भांडू कोणाशी?"

"जावयाशी भांडा, फोनवर. त्याला मराठी येत नाही. दर वेळी तुम्हीच जिंकाल."

कमरेचा करंडा काढून ती माझा अंगठा त्यात दाबते. "कुंकू लावा पोराला. आणि रडू नका, बावळट दिसता."

कोणीतरी देवापुढे दोन टाळ्या वाजवतं, तशी रीतच आहे इथली. मी दचकून जागा होतो. समोर दाइची कमरेत वाकून उभा, शेजारी गौतमी ओठ चावतेय. माझा अंगठा लालभडक. बाकामागचा लाल खांब मी नखानं खरवडून बघतो. त्याचा रंग कोरडा ठणठणीत आहे.

मी उठतो. दाइचीची हनुवटी धरून वर करतो आणि कपाळावर अंगठा टेकवतो. तो गोंधळून लेकीला काहीतरी विचारतो. ती हुंदका गिळत जपानीत एकच शब्द बोलते.

"काय सांगितलंस गं त्याला?"

"बाबा, तुम्ही 'हो' म्हणालात, असं सांगितलं."