चौथ्या क्वार्टरबद्दल मी लिहिलेलं पान

"वहिनी, ही मॅच धरतच नाहीत," नवऱ्याच्या ऑफिसातला पुणेकर मला समजावत होता. "प्रीसीझन म्हणजे नुसता सराव. जिंकले काय, हरले काय, कुठे मोजत नाहीत. मोठे प्लेयर तर दहा मिनिटं खेळून बसतात. तिकिटं फुकट का मिळाली, विचार करा ना!"

तो शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि फुकटचे सल्ले वाढून जायचा. मी त्याच्या ताटात तिसरी पोळी टाकली आणि म्हटलं, "मोजत नाहीत ना? मग तर मी जाणारच."

त्या दिवसांत कुणी "हे मोजत नाहीत" म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अमेरिकेत, नोव्हायला येऊन चार वर्षं झाली होती. नवरा गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आणि मी त्याच्या व्हिसाला जोडून आलेली बायको. राहायची परवानगी, नोकरी करायची नाही. नागपूरला मी शाळेत खेळाची शिक्षिका होते, त्याआधी विद्यापीठाकडून कबड्डी खेळले होते. इथे घराचं भाडं त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर, लाइटचं बिल त्याच्या नावावर. कुठल्या पार्टीत कुणी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी तोंड उघडायच्या आत शेजारून उत्तर यायचं, "घरीच असते ती." जणू मी आजारी आहे!

इथला फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचा तो, मी पहिल्या हिवाळ्यात शिकले. बाहेर बर्फ, मला तेव्हा ड्राइव्ह करता येत नव्हतं, आणि रविवारभर टीव्हीवर तेच. पहिले दोन रविवार काही कळलं नाही. नुसते धडाधडा अंगावर पडतात आणि उठतात. तिसऱ्या रविवारी मी बॉल बघणं सोडलं आणि पाय बघायला लागले. बाप्पा! हा तर आपल्याच अंगणातला खेळ निघाला. कबड्डीत मी डावा कोपरा सांभाळायचे, आणि कोपऱ्यावरच्या पोरीचं सगळं आयुष्य समोरचीचे पाय बघण्यात जातं. आमचे सर ओरडायचे, "तोंड नका बघू, तोंड फसवतं! गुडघा बघा, टाच बघा!" मी टाचा बघत गेले आणि दोन वर्षांत अशी झाले की कोण पडणार हे पडायच्या आधी सांगायचे. नवरा म्हणायचा, "तू ना, जादू करतेस." मी म्हणायचे, "जादू नाही रे भैताडा, टाच."

आता त्या मॅचमध्ये माझा काय जीव अडकला होता ते सांगते. आमच्या गावात दर गुरुवारी फुकट वाटलं जाणारं एक छोटं साप्ताहिक होतं. त्यांनी छापलं होतं, आपल्या फुटबॉल टीमच्या घरच्या मैदानावरच्या पहिल्या सराव-मॅचला जा, खेळाडू कसे वाटले ते एका पानात लिहून पाठवा. ज्याचं पान आवडेल त्यानं सीझनभर दर आठवड्याला लिहायचं. पैसे नाहीत, फक्त नाव आणि फोटो. मी ते कात्रण फ्रिजवर लावलं. मला ते हवंच होतं. चार वर्षांत इतकं हवंसं मला काहीच वाटलं नव्हतं.

स्टेडियममध्ये आमच्या खुर्च्या वर, अगदी पाठीमागे. मी वही घेऊन बसले, नवरा चीज घातलेले नाचोज घेऊन. पुणेकर म्हणाला होता तसंच झालं. मोठा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सात-आठ वेळा खेळला, टोपी घालून बाकावर बसला, आणि लोकांच्या गप्पा सुरू झाल्या. दुसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मॅचच्या चार भागांतल्या दुसऱ्या भागात, एका धावणाऱ्या पोरानं बॉल घेऊन अर्धं मैदान पार केलं आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मी नाही राहिले. मी लिहिलं, "रस्ता दुसऱ्यांनी करून दिला, हा नुसता त्यावरून पळाला. कुणी अंगावर आलं की डोळे मिटतो. खऱ्या मॅचमध्ये बॉल टाकेल." कोपऱ्यातला एक डिफेन्सवाला एक बॉल अडवून असा नाचला की जसा वरातीतच आलाय. त्याच्याबद्दल लिहिलं, "नाच उत्तम. त्याआधी तीनदा चकला, ते कुणी बघितलं नाही, मी बघितलं."

आणि मग तो. नवखा, मोठा आडवा गडी, नंबर सांगत नाही, उगाच शोधत बसाल. त्याचं काम एवढंच की डाव्या बाजूनं येणाऱ्याला अडवायचं, म्हणजे क्वार्टरबॅकला पाठीमागून मार बसत नाही. तो उभा राहिला आणि मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "हा पडणार. टाचेवर उभा आहे." दुसऱ्याच क्षणी समोरच्यानं त्याला छातीत असा धक्का दिला की तो पाठीवर उताणा, हातपाय वर. मोठ्या पडद्यावर ते तीनदा दाखवलं. लोक खिदळले, हुर्यो उडवली. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "याला घरी पाठवा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, पहिल्यांदा मैदानावर आलाय तो. पहिल्या वर्षी मी पण अशीच पडले होते, वर्ध्याच्या पोरींपुढे, आणि माझ्या मावशीनं घरी जाऊन सगळ्यांना नक्कल करून दाखवली होती.

चौथ्या क्वार्टरपर्यंत निम्मं स्टेडियम रिकामं. नवरा डुलक्या घेत होता. आणि खाली तो गडी परत आला. या वेळी मी त्याच्या टाचा बघितल्या आणि ताडकन उभी राहिले. टाच उचललेली होती! वजन चवड्यावर, गुडघा वाकलेला, कंबर खाली. त्याला कुणी सांगितलं, की बाकावर बसून त्याचं त्यालाच उमजलं, देव जाणे. समोरचा पाच वेळा आला. पाचही वेळा भिंतीला धडकून परत गेला. टाळी वाजली नाही, कारण कुणी पडलं नाही, काही घडलंच नाही. काही घडू दिलं नाही हेच त्याचं काम होतं. मी एकटीनं टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत. पुढे महिनाअखेरीस टीमनं त्याला काढलं. काढू दे. मी लिहिलंय त्यातला एक शब्द मी आजही बदलणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान टाइप करून पाठवलं. आणि इथे मी माती खाल्ली. घरात ई-मेल एकच होता, नवऱ्याच्या नावाचा, आणि प्रत्येक मेलच्या खाली त्याचं नाव, घरचा आणि ऑफिसचा फोन नंबर आपोआप यायचा. मला सवय इतकी की ते डोळ्यांना दिसलंच नाही. घरभाडं म्हणू नका, डॉक्टरची वेळ म्हणू नका, सगळं मीच लिहायचे आणि खाली तो.

मंगळवारी फोन आला. संपादक बाई होत्या. नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, "ते आहेत का? त्यांचं पान आम्हाला फार आवडलं. तो टाचेचा भाग तर कमाल." आणि मी काय म्हणावं? "ते ऑफिसला गेलेत, निरोप देते." फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. मैदानावर पाच-पाच जणींना आडवं करणारी मी, फोनवर माझी वाचा बसली. दिवसभर भांडी आपटत होते. राग त्या बाईंचा नव्हता, माझाच होता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग लाजला, मग म्हणाला, "अगं, मी सांगून टाकलंय."

"काय सांगून टाकलंस?"

संपादक बाईंनी दुपारी ऑफिसातही फोन केला होता. तेव्हा त्याचा बॉस शेजारीच उभा होता, आणि यानं "हो, मीच लिहिलंय" म्हणून टाकलं. बॉस म्हणजे फुटबॉलचा वेडा माणूस. त्यानं याच्या पाठीवर थाप मारली, चार वर्षांत पहिल्यांदा याला लंचला घेऊन गेला. आणि याची ग्रीन कार्डाची फाइल त्याच बॉसच्या टेबलावर. "राहू दे ना माझ्या नावावर," तो म्हणाला. "लिही तूच. घरातच आहे ना सगळं."

ऑफिसातून त्याच्याबरोबर आलेला पुणेकर होताच तेल ओतायला. "वहिनी, तुमच्या व्हिसावर काम चालत नाही. तुमचं नाव छापून आलं तर उगाच लफडं. प्रॅक्टिकल व्हा यार."

"काम? मी पैसा घेते का? वाचकाचं पान आहे ते. उद्या मी देवाला पत्र लिहिलं तर त्यालाही व्हिसा दाखवू?"

तो चपला शोधायला लागला. नवरा मात्र हटला नाही. नंतर खोलीत येऊन हळूच म्हणाला, "मला तिथे कुणी विचारत नाही गं. आज पहिल्यांदा विचारलं." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. चांगला माणूस आहे तो, आणि तो दिवसभर काय गिळून घरी येतो ते मला माहीत होतं. पण वाईट वाटलं म्हणून देऊन टाकायचं, असं मी खूप केलं होतं. नोकरी दिली, गाव दिलं. हे नाही देणार म्हटलं. तो म्हणाला, "शुक्रवारी भेटायला बोलावलंय, तिथे बघू." मी म्हटलं, "बघूच."

साप्ताहिकाचं ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. संपादक बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांनी नवऱ्याला खुर्ची दिली, मला सोफा आणि पाणी. मग विचारलं, "तो पडायच्या आधीच तुम्हाला कसं कळलं? इतक्या वरून?"

नवऱ्यानं छताकडे बघितलं. "एक्सपीरियन्स," तो म्हणाला.

"कशाचा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं, बॅट न घेता पिचवर आलेल्या माणसासारखं. मी उठले. म्हटलं, "पान मी लिहिलंय. मॅच मी बघितली. यांना विचारू नका, यांना काही येत नाही."

बाई गोंधळल्या. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "दोघांनी मिळून लिहिलं असेल ना? दोघांचंही नाव देऊ. छान दिसेल, नवरा-बायको."

"नाही," मी म्हटलं. "अर्धंही नको." माझा आवाज चढला होता, इंग्रजी मोडकंतोडकं झालं होतं, फिकीर नव्हती. नवऱ्याला म्हटलं, "ऊठ. उभा राहा. जसा रोज उभा राहतोस तसा."

तो बिचारा उभा राहिला. टाचेवर, नेहमीसारखा, पोट पुढे. मी त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवली आणि ढकललं. तो मागे गेला आणि कागदांच्या खोक्यांवर बदकन बसला. फोटो काढायला आलेला माणूस खो-खो हसायला लागला.

"हा दुसरा क्वार्टर," मी बाईंना सांगितलं. "आता बघा." नवऱ्याला परत उभं केलं. गुडघे वाकवले, टाच माझ्या पायानं उचलायला लावली, कंबर खाली दाबली. "आता हलू नकोस." दोन बोटांनी ढकललं. हलला नाही. तळहातानं ढकललं. हलला नाही. मग सगळा जीव लावून खांदा घातला, ओढणी सुटली, केस सुटले, आणि तो जागचा हलला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"हा चौथा क्वार्टर," मी धापा टाकत म्हटलं. "तुम्ही सगळे घरी गेला होतात."

 मग नवरा तसाच वाकलेला, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, सगळं हिचंच आहे. मला चौथ्या क्वार्टरमध्ये झोप लागली होती. सोमवारी बॉसला पण सांगतो." त्याचे कान लाल झाले होते. हे सांगायला त्याला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं, आणि तरीही मी त्याला थांबवलं नाही.

बाईंनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला. समोरच्या कागदावर आधी लिहिलेलं नाव त्यांनी आडवी रेघ मारून खोडलं, पेन टेकवलं आणि विचारलं, "नाव काय? स्पेलिंग सांगा."

नवऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं.

मी हात आडवा धरला, टेबलाजवळ गेले, आणि एकेक अक्षर हळू, मोठ्यानं सांगायला लागले.