बनुबाईनं हक्क सोडला नाही

"पंचवीस दिवाळ्या, आक्का. दर दिवाळीला तुला साडी नेसवली. एक तरी चुकली का?"

"न्हाई चुकली. आन् त्या समद्या साड्या मिळून तीन एकर भरत्यात, असं तुझं म्हननं हाय का?"

"मी कुठं हिशेब केला?"

"मग मघाधरनं साड्या कोन मोजतंय?"

चुलीपुढं बसलेल्या झुंबरबाईचं लाटणं थांबलं. पहाटेपासून घरात पुरण शिजत होतं. नणंदेनं, बनुबाईनं, चावडीवर जाऊन हक्कसोडीची सही करायची, मग तिला जेवू घालायचं, ओटी भरून नवी साडी द्यायची आणि श्रीरामपूरच्या एस्टीत बसवून द्यायचं, असं सगळं तिच्या नवऱ्यानं, सहादेवानं परस्पर ठरवून टाकलं होतं. देवळाली प्रवरात बहिणी असंच करत. बाप गेला की बहीण माहेरी येई, तलाठ्यापुढं 'माझा हिस्सा भावाला' म्हणे आणि माहेरची वाट तेवढी आपल्यासाठी राखून ठेवी. बहिणीला आधी विचारायचं असतं, हे सहादेवाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आगं, सोसायटी पाइपलाइनला कर्ज द्याया तयार हाय," तो म्हणाला. "यंदा पाटाला पानी न्हाई, ऊस वाळाय लागलाय. उतारा एका नावावर असला की काम झालं. तुला काय करायची जमीन? दाजींचा पगार हाय."

दाजींचा म्हणजे राधाकृष्णाचा पगार कंडक्टरचा होता. श्रीरामपूर डेपोचा खाकी कोट, खांद्याला चामडी पिशवी. पगार घरी येई तो वाण्याकडं आणि घरमालकाकडं निघायच्या तयारीतच. वरचं सगळं बनुबाईच्या शिलाई मशीनवर चाले. ती दारात मशीन टाकून झंपर शिवायची आणि पाय चालवता चालवता रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलायची.

तिची पहिली दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेली. तिसरीला कुणाची नजर लागू नये म्हणून नाव ठेवलं कडूबाई. ही कडू जगली, नंबरात आली आणि पुण्याला डॉक्टरीच्या कॉलेजात लागली. शेजारणी विचारायच्या, "डाक्टरीन झाल्यावर पाटीवर नाव काय लिव्हनार गं?"

"कडूबाईच लिव्हनार. औशद काय गोड आसतं व्हय?"

वसतिगृह आणि मेसच्या पैशात बनुबाईच्या पाटल्या गेल्या. मग कडू सुट्टीला आली ती नवीनच मागणी घेऊन.

"आई, हाडांचा संच घ्यावा लागतो."

"कुनाची हाडं?"

"माणसाची. खरी."

"ईकत?"

"हो."

बनुबाईनं जरा विचार केला. "जुनी न्हाई का मिळत?"

"आई, नवी कशी असतील?"

वरच्या वर्गातल्या मुलीकडून संच घेतला, त्यात कानातली फुलं गेली. हाडांची ती पेटी सुट्टीभर खाटेखाली होती, तर झंपराचं माप द्यायला कुणी बाई घरात पाऊल टाकेना. बनुबाई मशीनसकट अंगणात जाऊन बसली.

आता दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती आणि अंगावर विकण्यासारखं काळ्या पोतीखेरीज काही उरलं नव्हतं.

"ऐक," सहादेवानं बंडीच्या खिशातून नोटांची घडी काढून तिच्यापुढं ठेवली. "यंदाची फी मी भरतो. मामा हाय तिचा. तू सही कर."

"आन् फुडल्या सालची?"

"फुडचं फुडं. झुंबरच्या भावाचा पोरगा हाय, फॅक्टरीत वजनकाट्यावर लागलाय. येत्या वैशाखात लगीन उरकून टाकू. तवर शिकू दे की तिला. मी कुठं नगं म्हनतोय?"

बनुबाईला हसू आलं. "म्हंजी यंदा शिकायचं आन् फुडल्या साली बोहल्यावर चढायचं. आर्धी डाक्टरीन कंच्या रोगाला चालती रे?"

"वन्सं, पोरगा वाईट न्हाई वो," झुंबरबाई हळूच म्हणाली.

"वाईट कोन म्हनतंय? त्याला बी शिकवा."

नोटांची घडी तिनं भावाकडं सरकवली, पदर खोचला आणि चावडीची वाट धरली. सहादेवाला वाटलं, बोलून मोकळी झाली, आता सही करील. तो मागोमाग निघाला.

तलाठी भाऊसाहेबांनी जबाब आधीच लिहून ठेवला होता. त्यांनी तो भराभर वाचला आणि शेवटच्या 'राजीखुशीने' या शब्दाशी थांबून टाक पुढं केला. "हं, बाई. इथं सही."

"भाऊसाहेब, ह्ये तुमी लिव्हलंय. आता मी सांगते त्ये लिव्हा. बापाच्या मागं दोन लेकरं. दोघांची नावं लावा."

भाऊसाहेबांनी सहादेवाकडं पाहिलं. सहादेव भिंतीकडं बघत होता.

"कायद्यानं बरोबर आहे तुमचं. पण बाई, इथली पद्धत तशी नाही."

"मग पद्धतीची सही घ्या. माझी मिळनार न्हाई."

"हा कायदा तुम्हाला कुणी सांगितला?"

"कंडक्टरची बायकू हाय मी. नगरच्या कोर्टाला जानारे वकील त्येंच्याच गाडीत भांडत जात्यात."

बाहेर ओट्यावर तंबाखू मळणारे हात थांबले होते. भाऊसाहेबांनी नवा कागद घेतला. बनुबाईनं चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

घरी येईस्तोवर सहादेव पुढं आणि ती मागं. दारात पाऊल पडताच तो वळला.

"तुला म्हायेर नगं झालं, आक्का."

"म्हायेर पायजे. म्हनून तर आधी तुला इचारते. माझं तीन एकर तूच घे. चालू भावानं घे, पन फुकट न्हाई. दर जूनला कडूच्या फीपुरतं दे, ती डाक्टर होईस्तोवर. उरलंसुरलं मग सवडीनं. सोसायटीला माझी सही लागली तर मी येते."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर बांधाच्या पल्याड काकासाहेब हाय."

काकासाहेबाशी सहादेवाचं बांधावरून वैर होतं. दोघांचे बैलसुद्धा एका हौदावर पाणी पीत नसत.

"त्याला इकशील? बापाची जमीन?"

"बापानं ईकत घेतली, तवा ती बी कुनाच्या तरी बापाची हुती."

"लोक काय म्हनतील? सहादेवाची भन हिस्सा मागाय आली म्हनतील."

"म्हनू दे. मी बी म्हनते. गोठ्यात जाऊन बैलाला बी सांगते."

झुंबरबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन मधल्या दारात उभी होती. एकदा नवऱ्याकडं, एकदा नणंदेकडं बघत होती. ओटी भरायची की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बोल, सहादेवा," बनुबाई म्हणाली. "तू घेतोस, का मी जाऊ काकासाहेबाकडं? एस्टीला अजून येळ हाय."

सहादेवानं खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर दाबून बसवली आणि 'तुझ्या सहीचं सोसायटीत इचारून येतो' म्हणत तो दाराबाहेर पडला.