मागच्या न्हाणीपासून देवघरापर्यंत

आमच्या जळगावच्या कॉलनीत निम्म्या घरांतली लाकडी लॅमिनेटची जमीन एकाच कारागिरानं बसवली आहे. तो मूळचा साक्रीकडचा. बोलतो कमी, तेही गुडघ्यांवर बसून, जमिनीकडे बघत. पाट्यांची खोकी आधी दोन दिवस खोलीत आडवी ठेवायला लावतो. "त्यासले घरनी हवा लागू द्या," म्हणतो. निघताना दर घरी एकच ताकीद देतो: ओलं फडकं लावायचं नाही, पाणी मुरलं की पाटी फुगते.

सासूबाई असेपर्यंत मी ही हौस केली नव्हती. मागच्या न्हाणीत अंघोळ करून त्या ओल्या पायांनी थेट देवघरात जायच्या. त्या गेल्यावर ती न्हाणी कोणी वापरेना, म्हणून जमीन घातली. चार महिन्यांत पाट्या फुगल्या. मी तणतणत त्याला बोलावलं आणि दारातच सुनावलं, "मी कोरड्या फडक्यानंच पुसते हं!"

प्रत्येक फुगवट्यावर तळहात ठेवत तो न्हाणीपासून देवघरापर्यंत रांगत गेला. फुगवटे एकेका छोट्या पावलाच्या अंतरावर होते.

"ताई, घरमा म्हातारं माणूस कोन शे?"

"आता कोणी नाही."

त्यानं एकही पाटी बदलली नाही. खांद्यावरचा गमछा काढला, चार घड्या घालून न्हाणीच्या दाराशी अंथरला आणि त्याला पाय न लावता निघून गेला.

तेव्हापासून पाट्या फुगत नाहीत. गमछा मात्र मी रोज सकाळी पिळून उन्हात घालते.