गायकवाडमामांचा नंबरचा चष्मा

ग्राइंडर सुरू करण्याआधी गायकवाडमामा आपला सेफ्टी चष्मा नळाखाली साबणाने धूत, बनियनच्या कडेने पुसत आणि मगच डोळ्यांवर चढवत. मानपाड्याच्या आमच्या कारखान्यात स्वतःचा चहाचा कपसुद्धा कोणी इतक्या मायेने धूत नसे.

चष्मा दुबईच्या गोदीतला. तिथे मामांनी बारा वर्षं काढलेली. त्यांच्या नंबरच्या काचा, दांडीवर युरोपातल्या सुरक्षा-मानकाचा शिक्का. मी नवा सेफ्टी ऑफिसर होतो आणि कंपनीच्या यादीत फक्त भारतीय शिक्क्याचेच चष्मे होते.

"मामा, हा इथे चालत नाही."

"तिथे चाललेला की, साहेब."

"तिथलं तिथे."

ते हसले. "ठिणगीला पासपोर्ट लागत नाय."

मी चष्मा लॉकरमध्ये ठेवायला लावला. त्याऐवजी मी दिलेला गॉगल बिननंबरचा, आणि तो त्यांच्या साध्या चष्म्यावर बसेना. नंबरचा मागवा, असं ते दर सोमवारी सांगत. मी दर सोमवारी 'बघतो' म्हणे. कागद चोख ठेवण्याचा मला भारी अभिमान होता.

मग जर्मनीचं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार म्हणून कळलं. त्यांना युरोपातला शिक्का हवा होता, आमचा चालणार नव्हता. मॅनेजरांनी मला पिटाळलं. मी निर्लज्जासारखा मामांकडे गेलो.

"आज तुमचा घाला."

"आज चालतो?" त्यांनी एवढंच विचारलं.

पाहुण्याने दांडीवरचा शिक्का वाचून मान डोलावली. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी चष्मा पुन्हा लॉकरमध्ये ठेवायला लावला.

पुढच्याच आठवड्यात माप दिसेना म्हणून मामांनी माझा गॉगल क्षणभर कपाळावर सरकवला. शेजारच्या मशीनवरून लोखंडाची कपची उडाली. डावा डोळा गेला.

अहवाल मी लिहिला. 'अपघाताच्या वेळी कामगाराने गॉगल डोळ्यांवर घातलेला नव्हता.' सहीसाठी मोहने गावातल्या त्यांच्या घरी गेलो. मामांनी कागद उजव्या डोळ्याजवळ धरून सावकाश वाचला.

"खोटं काय नाय लिहिलंय," म्हणाले आणि सही केली. त्या सोमवारांबद्दल कागदात एक अक्षर नव्हतं. तो विषय त्यांनीही काढला नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना त्यांनी तो चष्मा माझ्या हातात ठेवला. स्वच्छ धुतलेला होता.

"ठेवा साहेब. परत ते पाहुणे आले तर दाखवायला लागेल."

तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. डाव्या काचेवर एक ओरखडाही नाही.