बिडवेची जीभ

चाकणच्या आमच्या कंपनीत बिडवे नावाचा एक इन्स्पेक्टर होता, तो लोखंड चाटायचा. लोक उगाच उडवतात असं मला आधी वाटलं. पण मी रुजू झालो त्याच आठवड्यात हे प्रत्यक्ष पाहिलं. धुऊन आलेल्या गिअरवरून त्याने अंगठा फिरवला, अंगठा जिभेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "कूलंट जुनं हाय. बदललं न्हाई यांनी." लाइनवरची पोरं कौतुकाने बघत राहिली. मला मात्र किळस आली, आणि ती किळस पुढे वीस वर्षं टिकली.

बिडवे मूळचा लातूरकडचा. बुटका, कायम दाढी वाढलेली, इन-शर्टचा एक कोपरा नेहमी बाहेर. जगात त्याच्या मनासारखी एकही गोष्ट नव्हती. कँटीनची डाळ रिजेक्ट. निगडीतल्या माझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आला, तर बाथरूमचा उतार बघून पाहुण्यांसमोर म्हणाला, "रिवर्क." स्वतःच्या जावयाबद्दल विचारलं, तर म्हणे, "डेव्हिएशनवर घेतलाय," म्हणजे मापात नसूनही चालवून घेतलाय. 'पास' हा शब्द त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता. पास झालेल्या मालावर तो नुसता शिक्का मारायचा, तोही उपकार केल्यासारखा.

माझा आणि त्याचा खरा उभा दावा एका बोल्टवरून. मी टूलरूममध्ये होतो. आमच्या पट्ट्यात प्रत्येक टूलरूमवाल्याच्या घरी एक डबा असतो. उरलेले बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा, सगळं त्यात जमा. माझा डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, आणि मला त्याचा अभिमान होता. कुठलंही काम अडलं की मी डबा उघडायचो. एकदा ड्रिलिंगसाठी पार्ट धरून ठेवणारं एक जिग केलं. इतकं सुरेख झालं होतं की फोरमनची जागा मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. बिडवेने चार बोल्टपैकी एक काढला, निरखला आणि साहेबांसमोर ठेवला. "तीन ड्रॉइंगमधले हायत. हा घरच्या डब्यातला हाय." जिग रिजेक्ट झालं. फोरमन दुसराच झाला. बोल्ट अगदी मापाचा होता हो, नुसता ग्रेड वेगळा. तेव्हापासून बिडवे मला नावाने हाक मारायचा नाही. "काय टूलरूम," म्हणायचा.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मेहुण्याबरोबर छोटी ब्रुअरी काढली. तीन महिन्यांचा कोर्स केला. मी ठरवलं होतं की पहिलीच बिअर अशी करायची की पिणाऱ्याने नाव काढलं पाहिजे. एल नावाच्या जातीची, कडक, कोल्हापुरी गूळ घातलेली, रंगाला गडद, आधी गोड लागणारी आणि मग घशात संत्र्याच्या सालीसारखी कडवट उतरणारी. शनिवारी उद्घाटन होतं. धंद्यासाठी घर गहाण टाकलं होतं, त्यामुळे ही पहिली टाकी चांगली निघणं भाग होतं.

गुरुवारी दुपारी जुन्या पाच सहकाऱ्यांना चवीला बोलावलं. त्यांत बिडवेही होता. खरं सांगतो, त्याच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं, म्हणूनच. चौघांनी घोट घेतला आणि "एक नंबर, राव" म्हणाले. बिडवे तोवर टाकीभोवती हात मागे बांधून फिरत होता. मग आला, ग्लास उजेडात धरला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या तुळशीच्या कुंडीत थुंकला.

"लोखंड लागायलंय," म्हणाला. "रिजेक्ट."

माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बिडवे, तुला चव कळत असती तर जन्मभर तेलकट गिअर चाटत बसला नसतास. देशीचा क्वार्टर मारणाऱ्याने एलबद्दल बोलू नये." चौघं हसले. मेहुणा सर्वांत मोठ्याने हसला. बिडवेने खिशातून छोटं चुंबक काढलं, टेबलावर ठेवलं, "टाकीला इचार," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मी काही विचारलं नाही. शनिवारी माणसं आली, फोटो काढले, पहिला ग्लास संपवला. दुसरा मात्र अर्धाच परत येत होता. काउंटरवर अर्धे ग्लास रांगेने उभे राहिले. एक बाई सभ्यपणे म्हणाल्या, "शेवटी रक्तासारखं काहीतरी लागतं का हो?" मी त्यांना एलचं शास्त्र समजावून सांगितलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

रविवारी टाकी रिकामी केली आणि आत उतरलो. तळाजवळ एका नळीचा क्लॅम्प होता. बसवताना त्याचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट कुठे पडला सापडेना, म्हणून मी माझ्या डब्यातला एक लावला होता. चकचकीत होता तेव्हा. आता त्याचा मुलामा उतरून आतलं तांबूस लोखंड वर आलं होतं. चुंबक लावलं. टक्कन चिकटलं. बाकीची अख्खी स्टेनलेसची टाकी त्याला ओळखही देत नव्हती.

नवी एल तयार व्हायला महिना गेला. बाटली घेऊन मी पिंपळे गुरवला बिडवेच्या घरी गेलो. तो खुर्चीत बसला होता, वाळला होता बराच. मी म्हणालो, "बिडवे, तू बरोबर होतास. मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं."

"व्हय, चुकलंच," म्हणाला. मग बाटलीकडे न बघता विचारलं, "डबा कुठाय?"

"भंगारात दिला."

"सगळा?"

"सगळा. डब्यासकट."

त्याने बाटली उघडून ओतली. मग ग्लास घेतला, घोट तोंडात घोळवला, गिळला. मी श्वास धरून बसलो होतो, आणि हे मला त्या क्षणीही आवडत नव्हतं.

"पास," बिडवे म्हणाला.

पन्नाशी उलटलेला माणूस मी, डोळ्यांत पाणी आलं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका, पण त्यांना चव कळत नाही हो. कोरोना झाला तेव्हापासून. वास नाही, चव नाही. भाजीत मीठ आहे का ते मला विचारतात."

मी तसाच परत आत गेलो. "बिडवे, मग लोखंड कसं कळलं तुला?"

बायकोने सांगितलं हे त्याला लगेच समजलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "टाकीच्या मागं तुझा डबा हुता. झाकण उघडं. वीस वर्षं तुझं काम तपासलंय मी, टूलरूम. बिअरचं मला काय बी कळत न्हाई." मग म्हणाला, "कंपनीत बोलू नको. रिटायर झालो तरी पोरं अजून माल चाखायला बोलावतात मला."

यंदा बिडवे गेला. वहिनींना विचारूनच आज हे लिहितो आहे. कंपनीत शोकसभा झाली. साहेब त्याच्या जिभेबद्दल बोलले, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं अशी ट्रेनी मुलं माना डोलावत होती. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिथे ते चौघंही बसले होते, हसलेले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बिडवेने माझी बिअर नुसती जिभेला लावली आणि सांगितलं, लोखंड आहे. आणि आम्ही सगळे त्याला हसलो."

खाली बसलो. चौघांपैकी कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. वहिनी मात्र पाहत होत्या.